सासरे, जावई आणि एक कानस

माझ्या सासऱ्यांनी पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात बंदुका बनवल्या आणि एकदाही गोळी झाडली नाही. फिटर म्हणून लागले, तपासनीस म्हणून निवृत्त झाले. तयार बंदूक झाडून बघायचं काम भिंतीपलीकडच्या खात्याचं. अलीकडे बसून ते दिवसभर ठो ठो ऐकायचे आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या नळीत खोट आहे ते सांगायचे. भिंतीपलीकडे जायचा पास त्यांना कधी मिळाला नाही, आणि मागून घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

निवृत्तीनंतर पुण्यात संध्याकाळी ते ज्या कट्ट्यावर बसत तिथे पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येत. या गृहस्थांनी कॉलेजात कॅडेट असताना पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि भोकं पडलेला तो कागद घरी जपून ठेवला होता. "तुम्ही नुसतं लोखंड घासलंत, आम्ही प्रत्यक्ष झाडल्यात," हे ते सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचे. सासरे तिथे हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. हे मला बायकोने सांगितलं, कारण ते स्वतः असलं काही सांगणाऱ्यातले नव्हेत.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्यांना महिनाभरासाठी आमच्याकडे टेक्सासात, फ्रिस्कोला आणलं. "हा शेवटचा प्रवास," त्यांनी विमानतळावरच जाहीर केलं. "माझे गुडघे आणि विमानातली ती सीट यांचं पटत नाही." चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "जावईबापू, इथे म्हणे कुणालाही बंदूक मिळते?"

"कुणालाही नाही बाबा," मी म्हणालो. "मी चौदा वर्षं इथे आहे, पण अजून वर्क व्हिसावर. मला मिळत नाही. तुम्ही तर पाहुण्यांच्या व्हिसावर आलेले, तुम्हाला ती हातातही धरता येत नाही."

"बरं बरं. सहज विचारलं," ते म्हणाले आणि त्यांनी अर्धी पोळी तशीच ठेवली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू कायदा मीच केला होता.

आता माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची आणि ती त्याला ईमेलने कळवायची, यावर माझं घर चालतं. तेव्हा मी दोन रात्री बसून त्या कायद्यातली फट शोधून काढली. दीडशे वर्षांपूर्वी काडतूस यायच्या आधी जी रिव्हॉल्वरं होती, ज्यात काळी दारू, शिशाची गोळी आणि तांब्याची टोपी वेगवेगळी भरावी लागे, त्यांची हुबेहूब नक्कल आजही बनते. आणि ही नक्कल कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही. ती कुणीही घ्यावी, कुणीही झाडावी.

सासऱ्यांना हे ऐकून आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते चिडले.

"बंदूक नाही म्हणजे? गोळी सुटते ना?"

"सुटते."

"माणसाला लागली तर मरतो ना?"

"मरत असावा."

"मग आहे काय ती?"

"पुराणवस्तूची नक्कल."

"पस्तीस वर्षं नोकरी केली," ते बायकोला म्हणाले, "असलं व्याख्यान ऐकलं नव्हतं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून सोफ्यावर बसले होते. दुकान दहाला उघडणार होतं.

दुकान गावाबाहेर, हायवेला लागून. मालक सासऱ्यांच्याच वयाचा, छातीपर्यंत पांढरी दाढी असलेला टेक्सासी म्हातारा. दुकानामागच्या माळावर त्याचीच नेमबाजीची जागा होती आणि महिन्यातून एका रविवारी तिथे जुन्या रिव्हॉल्वरांचा छोटासा सामना भरायचा. त्याने काउंटरवर दोन जाती ठेवल्या. एका जातीला वरून काहीच नव्हतं, नळी एका पाचरीने खालच्या सांगाड्याला अडकवलेली. दिसायला फार देखणी. मी तीच उचलली.

सासऱ्यांनी पाचरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे हो. बैलगाडीलाही अशीच बसवतात."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. मी दुसरी जात मागितली, जिच्या वरून सलग लोखंडी पट्टी जाते आणि नळी जागची हलत नाही. त्यातली पाच रिव्हॉल्वरं म्हाताऱ्याने मांडली. सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं. मंडईत बायका भेंडीचं टोक मोडून बघतात तशी त्यांनी एकेकाची परीक्षा सुरू केली. घोडा सावकाश मागे ओढायचा, कान लावून कट् कट् ऐकायचं, गोळ्यांचं चक्र बोटाने हलवून बघायचं, चक्र आणि नळी यांच्यातली फट उजेडाकडे धरायची. पहिलं बाजूला ठेवलं. "चक्र डुलतंय." दुसरं. "खाच उथळ आहे." तिसरं नुसतं हुंगून ठेवलं, त्याचं कारण त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

मी मध्ये उभा राहून भाषांतर करत होतो. ते म्हणाले, "हे ज्याने केलंय त्याला आठ दिवस घरी बसवायला पाहिजे." मी इंग्रजीत म्हणालो, "त्यांना अजून एक बघायचंय." पाचही नापास झाल्यावर मालक आत गेला आणि मागच्या खोलीतून सहावं घेऊन आला. सासऱ्यांनी ते दहा मिनिटं तपासलं, काउंटरवर ठेवलं आणि त्याच्यावर रुमाल टाकला. कारखान्यात पास झालेल्या वस्तूवर तसा टाकत असत. मालकाला रुमालाची भाषा बरोबर कळली. त्याने नापास झालेली पाच उचलून काचेच्या कपाटात अगदी मागच्या रांगेत सारली, आणि सासरे शनिवारी दुकानात बसतील का असं मला विचारलं.

निघताना त्याने मला एक गोष्ट सांगितली. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरताना जिच्यावर डोळा ठेवायचा तो लोखंडी उंचवटा, कारखान्यातून मुद्दाम उंच ठेवून पाठवतात. त्यामुळे गोळी खाली लागते. घेणाऱ्याने ती आपल्या हाताप्रमाणे कानशीने घासून घ्यायची. थोडी घासायची, झाडून बघायचं, परत थोडी. घाई करायची नाही, कारण घासून गेलेलं लोखंड परत लावता येत नाही.

हे एवढं सोडून बाकी सगळ्याचं मी भाषांतर केलं. ज्या माणसाने पस्तीस वर्षं कानस धरली त्याला मी, ज्याने फक्त कीबोर्ड धरलाय, माशी घासायला शिकवणार? मला ते तोंडातून काढवेना.

इथे आमच्या घरातल्या भिडेबद्दल सांगायला हवं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासरे मला कधी चूक म्हणाले नाहीत आणि मी त्यांना नाही. जावयाचा मान म्हणजे मान. मी केलेला आल्याचा चहा पिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, तरी ते "वा" म्हणतात. ते मॉलमध्ये दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले तेव्हा मी तीन तास इतरांच्या नजरा आणि त्यांचे पाय यांच्या मध्ये चाललो, पण बोललो नाही. मी दिवाणखान्यात एक फडताळ ठोकलं होतं, ते डुगडुगायचं. सासरे आल्यावर दोन दिवसांत ते आपोआप थांबलं. लाकूड बसलं असेल असं मी म्हणालो, आणि ते म्हणाले, "उत्तम काम आहे हो तुमचं."

रिव्हॉल्वर जेवणाच्या टेबलावर ग्रोसरीच्या जाहिरातीचे कागद पसरून मी खोललं. चाप खरखरत होता, आतल्या तुकड्यांच्या कडा बारीक दगडाने घासून गुळगुळीत करायच्या होत्या. "तुम्ही करा ना बाबा," मी म्हणालो. "छे छे, वस्तू तुमची," ते म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले. मी तासभर घासलं. ते तासभर पंख्याकडे बघत होते. चाप पहिल्यापेक्षा जास्त खरखरू लागला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर चाप लोण्यासारखा चालत होता. "तेल मुरलं असेल," ते म्हणाले. "शिवाय तुमचा हात आता बसलाय." मी ते खरं मानलं. आज लिहिताना लाज वाटते, पण मानलं, आणि ऑफिसात दोघांना सांगितलंही.

दारूचं माप आम्ही कमीच ठेवलं होतं, म्हणून मालकाने सांगितल्याप्रमाणे दारू आणि गोळी यांच्यामधली जागा भरायला थोडा रवा घालायचा होता. नेमबाजीत ही जुनीच रीत आहे. माझा त्याच्यावर विश्वास बसेना, पण सासऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी डब्यातला रवा चिमटीत घेऊन पाहिला. "हा जाड. बारीक लागेल. आणि भाजलेला नको." त्यासाठी आम्ही अर्विंगपर्यंत ड्राइव्ह करून बारीक रवा आणला. पहिली गोळी झाडली तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि माळावर करपलेल्या शिऱ्याचा वास पसरला. सासरे धुरात उभे होते. धूर विरला तेव्हा मला दिसलं की त्यांचे डोळे भरलेत. "धुराने," ते म्हणाले. मी मान डोलावली.

गोळी खाली लागली होती. पंचवीस यार्डांवर एका पुठ्ठ्यावर वहीएवढा कागद लावलेला. गोळी कागदाखाली चार बोटं, पुठ्ठ्यात. दुसरी, तिसरी, सगळ्या तिथेच, एकमेकींना चिकटून. सासऱ्यांचा हात इतका स्थिर की मालक दुर्बिणीतून बघत शीळ घालू लागला. माशी उंच आहे हे कळायला तेवढं पुरे होतं.

"छान मारताय बाबा," मी म्हणालो.

"नाही हो, वस्तू उत्तम आहे. माझाच हात जरा खाली जातोय."

"हात नाही बाबा, वारा असेल."

"वारा असेल," ते म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी परत गेलो, परत तसंच. या वेळी बायकोही होती. ती मेकॅनिकल इंजिनिअर, शाळेत असल्यापासून बापाजवळ बसून कानस धरायला शिकलेली. परत येताना गाडीत ती मला म्हणाली, "यार, तुम्ही दोघं कागद सोडून पुठ्ठ्याचं काय कौतुक करताय?" मागच्या सीटवर सासरे झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते. मी म्हणालो, "बाबांना काही बोलू नकोस हं. हर्ट होतील."

घरी साफसफाई व्हायची. काळ्या दारूचा मळ गंजवतो, म्हणून सगळं सुटं करून गरम पाण्यात साबणाने धुवायचं आणि मग मंद ओव्हनमध्ये वाळवायचं. घरभर सडक्या अंड्यांचा वास, आणि आमच्या घरात अंडं येत नाही. बायको ओव्हनपाशी येऊन विचारायची, "नानकटाई झाली का? मला भाजी गरम करायचीये."

सामना रविवारी होता आणि सासऱ्यांचं विमान बुधवारी. सामन्यात भोक पडलेल्या कागदावर मालक सही करून देतो, हे सासऱ्यांना कळलं होतं. सरावातल्या भोकाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. त्यांनी बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक कडक पुठ्ठ्याची फाइल रिकामी ठेवली होती. बायकोने ती मला उघडून दाखवली. "कागदासाठी आहे," ती म्हणाली. "कट्ट्यावर न्यायला." हा माणूस रिकामी फाइल घेऊन परत जाणार, आणि तेही का, तर मला चार शब्द बोलायची भीड वाटते म्हणून.

शुक्रवारी सकाळी घरात एक छोटं वादळ झालं. "माझी काजळाची पेन्सिल कुणी घेतली? नवी होती, अर्धी झालीये," बायको म्हणाली. मी घेतली नव्हती. सासरे खोकले. विषय तिथेच थांबला.

शनिवारी दुपारी सासरे फिरायला गेले, बायको कुठेतरी बाहेर होती. मी गॅरेजमध्ये जाऊन रिव्हॉल्वर शिकंज्यात धरलं आणि माशी घासली. मोजून चौदा हात मारले. माशी मला वाटत होती तेवढी उंच नव्हती, पण म्हटलं, आपण पूर्वी नीट कुठे पाहिली होती. बोटाला काळं लागलं, म्हटलं धुराचं असेल. घासलेल्या जागी पांढरं लोखंड चमकायला लागलं, ते मी मार्करने काळं केलं. मग वर येऊन हात धुतले आणि चहा टाकला. सासरे परत आल्यावर आम्ही दोघं तो आल्याचा चहा फार समाधानाने प्यायलो. दोघंही समाधानी का होतो हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी सामन्याला सात-आठ म्हातारे होते. नियम साधा: चक्रातलं एक घर रिकामं ठेवायचं, पाच गोळ्या झाडायच्या. मग दुसरी फेरी, परत पाच. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं. कानांवर आवाज अडवायचे मोठे डबे. त्यांनी सावकाश नेम धरला आणि झाडली.

कागद कोरा. पुठ्ठाही कोरा.

दुसरी. कोरा. तिसऱ्या गोळीला लांब मागे मातीच्या बांधावर, कागदाच्या बऱ्याच वर, धूळ उडाल्यासारखं मला वाटलं. चौथी. पाचवी. मालकाने दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. एकही नाही.

सासऱ्यांनी रिव्हॉल्वर रिकामं करून फळीवर ठेवलं, कानांवरचे डबे काढले आणि चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग ते मागे आमच्यापाशी आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "निघू या आपण. वस्तूत आता दोष नाही, ते मला माहीत आहे. तेव्हा दोष हाताचा. वय झालं माझं."

त्यांना ते कसं माहीत, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की पस्तीस वर्षं ज्या हाताने एक वस्तू चुकीची जाऊ दिली नाही, त्या हाताला ते माझ्यामुळे नापास करतायत. मी म्हणालो, "बाबा, दोष तुमच्या हाताचा नाही. माशी मी घासली. काल. तुम्हाला न सांगता."

त्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"किती?"

"चौदा हात."

"बाबा," बायको शेजारून म्हणाली. तिचा आवाज मी लग्नात ऐकला होता तेवढा बारीक होता. "मीपण. शुक्रवारी. दहा-बारा. आणि वरून काळं नेलपॉलिश लावलं."

सासऱ्यांनी डोळे मिटले. "आणि मी गुरुवारी," ते म्हणाले. "नऊ. बरोबर नऊच लागत होते. वर काजळ लावलं."

आम्ही तिघं त्या माळावर उभे होतो. मालक जवळ आला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं की आम्ही तिघांनी एकमेकांच्या नकळत एकच माशी घासली. का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "आदरापोटी." त्याने दाढीवरून दोनदा हात फिरवला आणि तो परत गेला.

आणि मग सासरे फुटले. अठरा वर्षांचं एकदम. "अरे, चौदा हात? चौदा? ही काय दाराची कडी आहे? एक हात मारायचा आणि थांबायचं, बघायचं! कानस धरतोस का खोबरं किसतोस? ते फडताळ, ते मी सरळ केलंय, चार स्क्रू उलटे होते! तो चाप मी केलाय, तू त्याचा पार चुरा केला होतास! आणि तो चहा! अरे, आलं किती घालतोस त्यात, माणूस आहे का घोडा?" मग ते मुलीकडे वळले. "आणि तू! तुला मी शिकवलं ना? घासायच्या आधी मोज म्हणून शिकवलं ना?" बाकी सगळ्या म्हाताऱ्यांच्या कानांवर डबे होते. त्यांना फक्त एक इस्त्रीचा शर्ट घातलेला भारतीय गृहस्थ दोन मध्यमवयीन माणसांवर हात उगारून नाचताना दिसत होता.

मला फार बरं वाटलं. कसं सांगू, माझे वडील मी कॉलेजात असताना गेले, आणि त्यानंतर मला इतकं मनापासून कुणी झापलंच नव्हतं. मी मान खाली घालून उभा होतो आणि हसू आवरत नव्हतं. "हसतोस काय?" ते ओरडले. "भर ते! दुसरी फेरी आहे ना?"

मी भरलं. दारू, रवा, गोळी. या वेळी ते माझ्या डोक्याशी उभे होते. "रवा सांडू नकोस. सरळ धर. अरे सरळ!" मग त्यांनी शिल्लक राहिलेली माशी नखाने मोजली, ओठ हलवत काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "वीतभर वर जातेय. तर वीतभर खाली धरायचं."

कागदाच्या वीतभर खाली लाकडी खांबाचा पाय होता. त्यांनी नेम धरला, आणि परत खाली घेतला. "खोट्या जागी नेम," ते पुटपुटले. "जन्मात केलं नाही." मी म्हणालो, "बाबा, नेम खोटा नाही, माशी खोटी आहे." ते म्हणाले, "गप्प बस."

पहिली कागदाच्या वरून गेली. दुसरी पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला चाटून गेली. तिसरी डावीकडे. चौथीला कागदाचा कोपरा हलला, पण भोक नाही. पाचव्या वेळी ते इतका वेळ थांबले की मालकाने घड्याळ पाहिलं. मग ठो झालं, धूर झाला, करपलेल्या शिऱ्याचा वास आला. धुरातून मालकाचा आवाज आधी आला. तो दुर्बिणीला डोळा लावून ओरडत होता.

काळ्या वर्तुळाच्या डाव्या कडेवर एक भोक. एकच. बायको रडायला लागली. सासरे कागदापर्यंत चालत गेले, भोकात करंगळी घालून त्याची कड बघितली आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." मालकाने सही केली. त्या दिवशी ते शेवटून पहिले आले.

कागद फाइलीत ठेवायच्या आधी त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि मागच्या बाजूला कारखान्यात लिहीत तशी तपासणीची चिठ्ठी लिहिली. बुधवारी विमानतळावर त्यांनी ती मला दाखवली. नळी: पास. चक्र: पास. चाप: पास. माशी: नापास. हात: पास. त्याखाली एक ओळ होती. जावई: दुरुस्तीस पात्र.

"कारखान्यात जे फेकायचं त्याच्यावर लाल फुली मारतो," ते म्हणाले. "जे ठेवायचं त्याच्यावर हे लिहितो." आणि ते गुडघे धरत आत गेले.

पुण्यात कट्ट्यावर काय झालं ते मला पूर्ण ठाऊक नाही. पोस्टातल्या गृहस्थांनी "एकच?" असं विचारलं म्हणे. त्यावर सासऱ्यांनी त्यांना माशी म्हणजे काय, ती का घासतात आणि माझ्यासारख्या माणसाच्या हातात कानस गेली तर काय होतं, हे दीड तास समजावून सांगितलं. त्या दिवशी ते घरी येऊन दोनदा भात वाढून घेऊन जेवले.

मी दुकानातून नवी माशी आणली. जुनी ठोकून काढली आणि नवी खाचेत बसवली, तेवढं मला जमलं. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी रिव्हॉल्वर शिकंज्यात धरलं, कॅमेरा जवळ नेला आणि कानस हातात घेतली.

"कानस खाली ठेव," ते म्हणाले.

मी ठेवली. त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनला नाक लावून बराच वेळ बघितलं. त्यांच्या मागे भिंतीवर तो कागद होता, फ्रेम करून लावलेला. वर्तुळाची बाजू भिंतीला, आणि चिठ्ठीची बाजू बाहेर.

"उंच आहे," ते म्हणाले. "पण तू हात लावू नकोस. मी येतो."